तारेचं दुसरं टोक

वायरमन आणि त्याची नर्स बायको, दोघांनी मिळून अर्धं गाव पालथं घातलं होतं. डोंगरापलीकडच्या मिशन दवाखान्यात ती रुग्ण सांभाळणार, तो जनरेटर. पण जायचं तर तिथल्या खर्चाचा भार उचलणारी माणसं आधी जमवा, असा मिशनचा नियम. म्हणून रोज संध्याकाळी कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत त्यांचं बोलणं असे. नवरा पिशवीतून बॅटरी, बल्ब आणि तार काढायचा. तारेचं एक टोक स्वतः बॅटरीला धरायचा, दुसरं समोरच्याच्या हातात देऊन बल्बला टेकवायला लावायचा. "एक टोक आम्ही, दुसरं तुम्ही! दोन्ही टेकली तरच उजेड." बल्ब लागला की म्हाताऱ्या डोळे पुसायच्या.

हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की एकदा जेवताना बायकोने मीठ मागितलं, तर हा उभा राहून म्हणाला, "ही संधी दिल्याबद्दल आभारी आहे."

जवळच्या माणसांत विचारायचं राहिलं होतं फक्त तिच्या पप्पांना. त्यांचं केशकर्तनालय. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे तोंडाचा पट्टा चालू, पण लेकीने जायचं सांगितलं, तेव्हा "इतक्या लांब?" एवढंच म्हणून ते वस्तऱ्याला धार लावत बसले. पप्पांना हे पटलेलं नाही, असं तिने धरूनच टाकलं. "त्यांच्यापुढे हात पसरायचा नाही," तिने नवऱ्याला बजावलं. खरं तर सगळ्या जगाने पैसे दिले असते, तरी तिला आईविना वाढवणाऱ्या या माणसाने 'जा' म्हटल्याशिवाय तिचा पाय निघणार नव्हता. हे मात्र तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

शेवटचं बोलणं त्यांच्याच चर्चमध्ये होतं. पप्पा दाराजवळच्या शेवटच्या बाकावर येऊन बसले.

नवऱ्याने तार उचलली. "एक टोक आम्ही..."

"दुसरं तुम्ही!" सगळी मंडळी एका सुरात ओरडली.

वायरमन आ वासून बघतच राहिला. बेकरीवाला उठला. "अहो, आम्हाला पाठ आहे हे! तुमच्या सासऱ्यांकडे दाढीला बसलं की हेच. आम्ही सगळ्यांनी कधीच हो म्हटलंय. गळ्यावर वस्तरा असताना नाही कोण म्हणणार?"

"माझ्याकडून तर एका कटिंगमध्ये दोनदा होकार घेतला," पाळकसाहेब म्हणाले, आणि अख्खं चर्च हसून हसून लोटपोट झालं.

ती मात्र हसली नाही. तरातरा शेवटच्या बाकाशी गेली. "पप्पा, तुम्ही? मला वाटलं, तुम्हाला हे नकोय."

"नकोच आहे. एकुलती एक पोर लांब जाते म्हटल्यावर कुठल्या बापाला हवं असतं? पण जायचंच आहे, तर नीट जा, म्हणून आपलं..." त्यांनी मान खाली घातली. "सगळ्यांना विचारलंस तू. माझ्या दुकानासमोरच्या चहावाल्यालासुद्धा. मी रोज इस्त्रीचा शर्ट घालून बसायचो, आज येतील म्हणून."

तिला रडू फुटलं. इतके दिवस ती ज्यांच्या 'जा' म्हणण्याची वाट बघत होती, ते तिच्या विचारण्याची वाट बघत बसले होते. तिने नवऱ्याच्या हातातून तारेचं दुसरं टोक ओढलं. तार शेवटच्या बाकापर्यंत पुरेना.

"पप्पा," ती मधल्या वाटेतूनच म्हणाली, "हे टोक धरता का?"

पप्पा उठले. सवयीने हात शर्टाला पुसले आणि पुढे येऊन टोक धरलं, बल्बला टेकवलं. बल्ब काही लागला नाही.

"जावईबापू, बॅटरी जोडा! वायरमन ना तुम्ही?"

पुन्हा हशा पिकला. वायरमनने घाईघाईने बॅटरी जोडली आणि बल्ब लागला.

"जा आता," पप्पा म्हणाले. पण हातातलं टोक काही ते सोडेनात.