देवळ्याच्या विहिरीवरची चिप

मी फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. कंपनीने मला ग्राहक आणायला पाठवलं, तेव्हा सगळ्यांनी कपाळाला हात लावला होता.

नाशकात अंबडच्या एका गाळ्यात आम्ही पाच-सहा जण चिप डिझाइन करतो. शेतातली मोटार कधी सुरू करायची, कधी बंद, हे आमची चिप ठरवते. पण ती घेणारा कारखानदार मिळेना. शेवटी मालकांनी बजावलं, "रंगनाथ शेठची ऑर्डर आली तर ठीक. नाहीतर नाशिकचं ऑफिस बंद."

रंगनाथ शेठ पंपाचे स्टार्टर बनवतात. त्यांच्या केबिनमध्ये गेले, तर हर्षल आधीच येऊन बसलेला. परदेशी कंपनीचा माणूस, कडक इस्त्रीतला. त्याची चिप स्वस्त आणि नाव जगभर.

"ताई, तुमची चिप कुणी वापरतं का?" त्याने गोड हसत विचारलं.

"तुझी सगळे वापरतात ना? मग इथं कशाला घाम गाळतोयस?"

शेठ खो खो हसले. "भांडू नका. देवळ्याला माझी अन् माझ्या भावाची, गोरक्षची, विहीर शेजारी-शेजारी हाय. एकीवर ह्याची लावू, दुसरीवर तुझी. लाईट आली की कळंल."

मनात म्हटलं, ये बेट्या, आता माझ्या मुलखात ये. मी देवळ्याशेजारच्या कळवणची. आमच्याकडे लाईटचा नेम नाही, म्हणून झाडून सगळे स्टार्टर ऑटोवर टाकून घरी जातात. लाईट आली की शिवारातल्या मोटारी एकदम उठतात, व्होल्टेज तळाला जातं आणि मोटारी जळतात. दर वर्षी जळतात, दर वर्षी लोक वायरमनला शिव्या घालतात, पण ऑटो काही कुणी काढत नाही.

ठरल्या दिवशी देवळ्याला दोन्ही विहिरींवरच्या स्टार्टरच्या पेट्यांत आमच्या चिप बसवल्या. दुपारी लाईट आली. हर्षलच्या पेटीने लगेच मोटार उचलली, पाण्याची धार पडली. माझी पेटी गप्प.

"हिची तर झोपली की!" गोरक्षभाऊ म्हणाले.

ती का थांबलीय हे मला ठाऊक होतं, तरी मी पेटीजवळ जाऊन उभी राहिले. उठली नाही तर आमचा गाळाच गेला.

तेवढ्यात हर्षलच्या पेटीत खट्-खट् सुरू झालं. व्होल्टेज पडलं की त्याची चिप बंद पडायची, पुन्हा जागी होऊन मोटार ओढायला जायची. जळका वास सुटला. "अरे, बंद कर!" ओरडत शेठनी स्वतःच धावत जाऊन स्विच पाडला.

आमची चिप जागीच होती, व्होल्टेज मोजत होती. आजूबाजूच्या मोटारी स्थिरावल्या, व्होल्टेज वर आलं आणि मग तिने मोटार सुरू केली. हौदात पाणी असं कोसळलं की मी शेठसमोर शिट्टी मारली. होय, मारली!

"हुरळली मेंढी अन् लागली लांडग्यामागं, तशी नाय तुझी," शेठ म्हणाले. "ऑर्डर तुला. पण भाव ह्याच्याएवढा लाव."

"भाव तोच राहील, शेठ. जळलेल्या मोटारीचं वाइंडिंग भरून घ्यायला काय पडतं, ते गोरक्षभाऊंना विचारा."

"लय तिखट हाय पोरगी!" शेठनी हात जोडले. "दिली, बाई, दिली."

गाडीपाशी हर्षल हळूच जवळ आला. ताईची मॅडम झाली होती. "मॅडम, आमच्या कंपनीत याल? बंगळुरूला?"

"मी कशाला येऊ? तूच ये अंबडला. आमचं ऑफिस आता कुठं जात नाही."