जुन्या भोकांतून पास

मित्रांनो, मी एक जुना रबरी हात आहे. खांद्यापासून बोटांपर्यंत, खांद्यामागे माणूस नाही. इंदूरच्या एका मेडिकल कॉलेजात मुले माझ्यावर सलाइनची सुई लावायला शिकतात.

पूर्वी तोंडी उत्तर दिले की मुले पास होत. त्यांना शिकवणाऱ्या वसुधा मॅडमनी ते बदलले. "येतं म्हणू नका, करून दाखवा," असे त्या म्हणत. त्यांनी पायऱ्यांचा कागद केला. नाव विचारा, परवानगी घ्या, बोटाने शीर चाचपा, मग सुई. माझ्या शिरेच्या नळीतले लाल पाणी सुईत आले की वहीवर शिक्का, 'सक्षम'. तेव्हा माझी कातडी कोरी होती. मुले घामाघूम होत, पण शीर शोधायला शिकत. बाहेरगावचे प्राध्यापक मला पाहायला येत. मी सुखात होतो.

हजारो सुया झाल्या. शिरेवर भोकांची रांग पडली. मॅडमनी नवी कातडी मागितली. भांडारातून उत्तर आले, "मॅडमजी, अभी तो काम चल रिया है ना!"

चालत होतेच. मुले आता शीर चाचपत नसत, भोक बघत. "भिया, सीधा छेद में डाल," असे एकमेकांना शिकवत. सगळे सक्षम ठरत. मला वाचा नव्हती.

त्यांच्यातली निधीही तशीच पास झाली आणि वॉर्डात कामाला लागली. महिनाभराने ती रडत मॅडमकडे आली. गावातल्याच परदेशीपुऱ्याच्या जनाबाई जुलाबांनी सुकून आल्या होत्या. सीनियर दुसऱ्या रुग्णापाशी अडकलेले. निधीने सात वेळा टोचले, शीर मिळेना.

"बेटा, गव्हाचा बोरा शिवून राहिली का गं?" आजी आधी हसल्या होत्या. सातव्या वेळी त्यांनी हात पदराखाली घेतला. मुलाला म्हणाल्या, "भूषण, बस हो गया. मला घरी घेऊन चल." कोणाचेच ऐकले नाही. दोन दिवसांनी भूषण दवाखान्याचे कागद न्यायला आला, तेव्हा कळले, आजी गेल्या.

"मॅडम, माझा शिक्का खोडा," निधी म्हणाली.

मॅडमनी माझ्या भोकांच्या रांगेवरून बोट फिरवले. "तुझ्या एकटीचा कसा खोडू? सगळे मीच मारलेत गं."

सोमवारी नवी तुकडी येणार आहे. दुसरा हात नाही, म्हणून मला पुसून पुन्हा मांडले आहे. मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. मला टाकून द्या. माझ्यावर पास होणे सोपे झाले, त्याच दिवशी मी कामातून गेलो होतो.