काट्यांची लव

नजर गेल्यापासून आमच्या ह्यांनी मागच्या दारी पाऊल टाकणं सोडलं होतं. कडेकडेचं धूसर दिसतं, समोरचं नाही. एकदा कुंपणाच्या तारेला बोट फाटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून खिडकीपाशी खुर्ची धरली. "बाग आता तुझी," म्हणाले. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेला माणूस, मांडीवर हात ठेवून नुसता बसलेला मला बघवत नव्हता.

म्हणून ठरवलं, कुंपणालगत फळांची झुडपं लावायची. अशी, की फळं ह्यांनी स्वतःच्या हातानं तोडावीत. ह्यांना मात्र पत्ता लागू दिला नाही. दया केलेली ह्यांना कधीच सोसली नाही.

सूनबाईनं गाडी काढली. हे "हवा खायला" म्हणून आमच्याबरोबर आले. नर्सरीवाली बडबडी, कोपरापर्यंत मातीनं माखलेली. एकेक कुंडी पुढे ओढत गेली.

"ही तुती. छाटत राहिलात तर झुडूपच राहते. फळ रग्गड, पण दोरीवरच्या कपड्यांची आशा सोडा."

"नको गं बाई," सून म्हणाली. "माझ्या चादरी पांढऱ्या आहेत."

"मग ही ब्लूबेरी. काटा एक नाही. पण नखरे फार. हिला आंबट माती लागते, ती वेगळी कालवून द्यावी लागते."

"आणि ती?" मी विचारलं, पण पान बघूनच ओळखलं होतं. रासबेरी. आत्याच्या घरामागे हिची जाळीच होती. आम्ही भावंडं फ्रॉक फाटेपर्यंत आत घुसायचो आणि लाल तोंडांनी "आम्ही नाही खाल्ल्या" म्हणून सांगायचो. आत्या आधी रागवायची, मग सुईदोरा घेऊन बसायची. तशी चव पुन्हा जिभेला लागली नाही.

"गोडीला रासबेरीच्या तोडीचं काही नाही," नर्सरीवाली म्हणाली. "पण काटे बघा."

बघितले. पुढे केलेला हात मागे घेतला. "ब्लूबेरीच द्या."

"अगं, पण का?" हे मागून म्हणाले. "लग्न झाल्यापासून तुझ्या आत्याच्या रासबेऱ्या ऐकतोय. आता समोर आहे तर नको?"

"काटे आहेत हो."

"तू कधीपासून काट्यांना भ्यायला लागलीस?"

मी कुंडीवरची माती झटकू लागले. सून उगाच पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. ह्यांच्या लक्षात आलं. दिसत नसलं तरी आमचं गप्प बसणं ह्यांना बरोबर ऐकू येतं.

"असं होय. माझ्यासाठी बिनकाट्याचं झाड." चेहरा उतरला. "घरी चला. मला कशाला आणलंत?"

"तसं नाही हो…"

"तसंच आहे. कुठंय ती कुंडी?"

"बाबा, जपून!" सून ओरडली, तोवर हात गेलाच होता. "स्स," हे म्हणाले आणि बोट तोंडात घातलं. झालं, म्हटलं, आता हे खुर्चीतून उठत नाहीत.

पण हात पुन्हा पुढे आला. या वेळी हळू, शेंड्यापासून खाली. ती रीत माझ्या ओळखीची होती. दुकानात नवा तागा आला की आधी बोटांची पाठ त्यावरून फिरायची, मग भाव विचारायचे. एकदा हात खाली गेला, दोनदा गेला. चेहरा बदलला.

"मखमल आहे ही," म्हणाले.

"काय?"

"मखमलीला लव असते ना? एका बाजूनं मऊ, उलटा हात फिरवला की अडते. हिचे काटे सगळे बुडाकडे वळलेत. वरून खाली गेलं की मुकाट्यानं पडून राहतात. उलटं आलं की धरतात."

नर्सरीवालीनं स्वतः हात फिरवून पाहिला आणि हसली. "आणि काका, पिकलेलं फळ ओढायचं नसतं. बोट लागलं की गाभा झाडावर ठेवून हातात उतरतं. नाही उतरलं तर कच्चं."

"मग डोळ्यांचं काम काय?" हे म्हणाले. मी दुसरीकडे तोंड फिरवलं. डोळ्यांवाचूनही तुम्हाला फळं तोडता येतील, हे सांगायची माझी छाती झाली नव्हती, ते हे मजेत बोलून गेले होते.

रासबेरी घेतली. शिवाय ब्लूबेरीही, नर्सरीवालीचं मन मोडवेना म्हणून.

पहिल्या वर्षी नुसती पानं आली. दुसऱ्या वर्षी सून सकाळी वाडगा घेऊन गेली आणि मनगट ओरबाडून आली. "उलट्या लवेनं गेलीस," हे खुर्चीतून म्हणाले. "थांब, तुझं काम नाही ते." आणि उठले. मी मागोमाग गेले, पण हात धरला नाही.

कुंपणाशी ते वाकले. हात शेंड्याकडून आत, बुडाकडून बाहेर. पहिलं पिकलेलं फळ गाभा झाडावर ठेवून उतरलं, आतून पोकळ, ते बरोबर बोटाच्या टोकावर बसलं, सुई टोचू नये म्हणून अंगुस्तान चढवायचे त्याच बोटावर. ते बोट त्यांनी माझ्यासमोर धरलं. मी थोडी डावीकडे होते, त्यांनी जरा उजवीकडे धरलं. मी सरकले.

"घे. तुझ्या आत्याची."

मी खाल्लं.

"कशी आहे?"

"आत्याची जास्त गोड होती," मी म्हटलं. लगेच शेफारतात म्हणून.

"मग दुसरी बघ," म्हणाले, आणि हात पुन्हा झुडपात गेला.