निपाणी ते कोल्हापूर, हवेतनं

अभिनंदनला कोल्हापूरच्या पोरीकडच्यांनी दिवस मावळायच्या आत जेवायला बोलावलं होतं. जैनाघरी दिवस मावळल्यावर ताट वाढत नाहीत, आणि पसंती त्या पंगतीतच ठरायची होती. निपाणीहून कोल्हापूर एसटीनं तासाभराचं. पण तंबाखूवाल्याचा एकुलता एक पोरगा एसटीनं कसा जाणार? मोबाइलवर त्याला सापडलं: बेळगावचं सांबरा विमानतळ ते कोल्हापूर, विमानानं पंचवीस मिनिटं.

"पण असलं विमान हाय का?" थोरली बहीण राजमतीनं विचारलं.

"आक्का, वेळ दिलाय म्हंजे असणारच की."

विमान होतं, पण आधी हैदराबादला जाऊन मग कोल्हापूरला येणारं. राजमती या भावाला जन्मापासून ओळखत होती, म्हणून तिनं वाद घातला नाही. तो सकाळीच उलटा बेळगावाकडं गेला. ती दुपारी एसटीत बसली आणि पोरीच्या घरी वेळेत जेवली.

ताटं घासून पालथी पडल्यावर त्याचा फोन आला. "उतरलो, आक्का. वरनं आपली निपाणी दिसली."

"मग तिथंच उतरायचं न्हाईस व्हय?"

पोरीनं विचारलं, "पावणं कुठनं येत्यात?"

"निपाणीहनं," राजमती म्हणाली.

पोरगी हसली नाही. तिनं पसंतीसाठी बांधून ठेवलेला साखरेचा पुडा उचलला आणि साखर परत डब्यात ओतली.