मिस लुडेलाचा फुकटचा ग्लास

अरे, घोड्यांच्या ट्राम धावायच्या तेव्हाची अटलांटा! फुकटाचं तिकीट ही गोष्टच तिथं नवी होती. सरबताच्या एका कंपनीनं शहराच्या नावांच्या यादीतून पत्ते उतरवले आणि घरोघर पाकिटं धाडली. आत छापील तिकीट: हे दाखवा, एक ग्लास सोडा-सरबत फुकट प्या. आता त्या यादीत काळ्या लोकांच्या नावापुढे एक चांदणी छापायचे, म्हणजे कुणाला वगळायचं ते कळावं. उतरवणाऱ्याच्या नजरेतून एक चांदणी सुटली, आणि पाकीट थेट लुडेला प्रुइटच्या दारात! वर काय लिहिलेलं? "मिस लुडेला प्रुइट"! काळ्या मुलांच्या शाळेत आठ वर्षं शिकवत होती ती, पण गोऱ्यांच्या तोंडून 'मिस' एकदाही ऐकलं नव्हतं. तिनं ठरवलं, हा ग्लास प्यायचा तर काउंटरपाशी उभं राहूनच.

शनिवारी भर दुपारी ती हॅस्क्यूच्या औषधाच्या दुकानात शिरली. त्या काळी सोडा-सरबताचा नळ औषधाच्या दुकानातच असायचा.

"ए पोरी, मागच्या दाराला जा. टिनच्या मगात देतो," हॅस्क्यू म्हणाला. "आणि तिकीट ठेव इथं, कंपनी मला त्याचे पैसे देते."

"यावर ग्लास लिहिलंय, साहेब. टिनचा मग नाही."

"चुकून आलंय ते तुला!"

"नाव माझं, पत्ता माझा. चूक कसली?"

आणि तिनं वर्गात वाचावं तसं तिकीट खणखणीत वाचायलाच घेतलं. टेबलांशी बसलेल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. हॅस्क्यू लालबुंद! "बास, बास! पी आणि चालती हो." दाणकन ग्लास आदळला समोर.

ती प्यायली. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. ग्लास खाली ठेवते न ठेवते तोच त्या माणसानं तो चिमटीत उचलला आणि तिच्यादेखत बादलीत फोडला! धुवायचा सोडून फोडला! वर हात पुढे: "आण तिकीट."

लुडेलानं तिकीट पर्समध्ये घातलं, एका ग्लासाची किंमत म्हणून पाच सेंटचं नाणं काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

"हा विकत घेतला मी. फुकटचा अजून बाकी आहे, मिस्टर हॅस्क्यू. सोमवारी शाळा सुटली की येते. दुसरा ग्लास काढून ठेवा."