पाचवी आवृत्ती

कंपनीच्या इंट्रानेटवर चढणाऱ्या फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणं हे ताईंचं काम. कुणी बदललेली फाइल चढवली की जुनी मागे टाकायची, नव्या आवृत्तीला क्रमांक द्यायचा आणि सगळ्यांना मेल पाठवायचा. त्यात कुणाशी बोलायची वेळच येत नसे. नवरा गेल्यापासून घरीही तीच गत. मुलगी रविवारी फोन करी, तोही धावतपळत.

एकदा नोंदी चाळताना त्यांच्या लक्षात आलं, की बॉयलर सुरू करायच्या सूचनांची सातवी आवृत्ती निघाली तरी दूरच्या कारखान्यातलं कुणीतरी रोज सकाळी पाचवीच उघडतंय. त्यांनी तिथे फोन लावला. उचलला बॉयलरवरच्या वयस्क फोरमननं.

"काका, तुम्ही उघडता ती फाइल जुनी आहे. ती आता चालत नाही."

"नवीच चुकीची आहे, ताई. पेटवण्याआधी पाण्याची पातळी बघा, हे वाक्यच नाही तिच्यात. म्हणून पाळीवरच्यांना मी पाचवी वाचून दाखवतो."

"मग कळवलं का नाहीत?"

"मेल केला होता की. उत्तर आलं नाही."

ताईंनी फोन कानाशी तसाच धरून दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडल्या. वाक्य खरंच नव्हतं. ते सहावीतच गळलं होतं, आणि दोन इंजिनिअरांचे बदल एकत्र करून सहावी आवृत्ती त्यांनीच बनवली होती. त्यांनी तारीख पाहिली. नवरा दवाखान्यात होता, तो आठवडा. काकांचा मेल त्यानंतरचा, न उघडलेला.

"चूक माझी आहे, काका."

"होतं असं. दुरुस्त करा म्हणजे झालं."

त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं, मंजुरी घेतली आणि संध्याकाळच्या आत आठवी आवृत्ती चढवली. चूक कुणाची, तेही मेलमध्ये लिहिलं. "तुमचं नाव कशाला घातलंत?" एवढंच साहेब म्हणाले. मेल चारशे जणांना गेला. उत्तर एकाचंही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी आठवी उघडल्याची नोंद दिसली. काम संपलं होतं. तरी ताईंनी फोन केला.

"सगळं ठीक आहे ना, काका?"

"ठीक आहे. का हो?"

"काही नाही. सहजच."

ते जरा घुटमळले. "पाळी सुरू होतेय, ताई. दुपारी करा ना."

दुपारी फोन करायला काहीतरी कारण हवं, म्हणून त्या जुन्या फाइली उघडून बघत राहिल्या. एकही चूक सापडली नाही, आणि तोवर पाच वाजून गेले.