दहाच्या बाई

समजा, तुम्ही चौथीच्या वर्गात अगदी मागच्या बाकावर बसला आहात. तुमच्या शेजारी, त्या बुटक्या बाकात गुडघे कसेबसे कोंबून, पिकल्या केसांच्या एक बाई बसल्या आहेत. हसू नका. गेली एकतीस वर्षं त्या नव्या शिक्षकांना गणित कसं शिकवायचं ते शिकवताहेत. आज एका नव्या सरांचा तास बघायला आल्या आहेत.

शेकडो शिक्षकांना त्यांनी कळकळीनं सांगितलेली गोष्ट एकच. प्रश्न विचारलात की गप्प राहा, मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. विचार करणाऱ्या मुलाला वेळ लागतोच. शिक्षक त्यांच्या माघारी त्यांना ‘दहाच्या बाई’ म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

सरांनी विचारलं, “कागद तीन, मुलं चार. सारखे वाटायचे. एकाच्या वाट्याला किती?” आणि दोन वेण्यांच्या एका मुलीकडे बोट केलं.

मुलगी वहीत चौकोन काढू लागली. बाईंनी मान उंच करून पाहिलं. दोन चौकोन तिनं मधोमध दुभागले होते. म्हणजे चौघांना अर्धा-अर्धा! तिसऱ्यावर पेन्सिल टेकली होती. बाईंनी श्वास रोखला.

तेवढ्यात सरांनी हात वर केला आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडू लागला, “दहा! नऊ! आठ!”

पेन्सिल थांबली. मुलगी सरांकडे बघत राहिली.

“तीन! दोन! एक!”

“सात!” ती म्हणाली. तीन नि चार सात. वर्ग खो खो हसला. पुढच्या बाकावरच्या एकानं “पाऊण” सांगितलं, सरांनी ते फळ्यावर लिहिलं, टाळ्या झाल्या.

मधल्या सुट्टीत सर लगबगीनं आले. “दहा बरोबर मोजले ना, मॅडम?”

“मनात मोजायचे होते हो.”

“मनात मोजले तर तपासायला येणाऱ्यांना कळणार कसं? हल्ली सगळीकडे असंच चालतं. तक्ताच आलाय.” भिंतीवर रंगीत आकडे होते, दहापासून एकपर्यंत. खाली लिहिलं होतं, ‘आपल्या ज्येष्ठ बाईंची पद्धत’.

“आणि ती मुलगी?”

“ती ना? जरा मठ्ठच आहे. तिच्यासाठी थांबत बसलो तर पुस्तक कधी संपायचं?” सर हसले. “शेरा तेवढा चांगला द्या हं, मॅडम.”

शेऱ्याचा कोरा कागद तसाच ठेवून त्या मुलीजवळ जाऊन बसल्या.

“बाळ, किती छान वाटणी करत होतीस तू! दोन कागद झाले. आता हा तिसरा चौघांना कसा देशील? सावकाश सांग. मी मोजत नाहीये.”

“पण उत्तर तर आलं ना, आजी.”

“ते त्याचं आलं. तुझं कुठं आलंय?”

मुलगी वहीकडे बघत राहिली. बाई गप्प राहिल्या. इतका जीव मुठीत धरून त्या उभ्या आयुष्यात कुणासाठी थांबल्या नव्हत्या.

मग मुलीनं खोडरबर काढला. दुभागलेले दोन्ही चौकोन खोडले, तिसराही खोडला, चुरा फुंकून उडवला, आणि फळ्यावरचं ‘पाऊण’ वळणदार अक्षरात उतरवून वही तपासून घ्यायला सरांकडे धावली.